निळे क्रेट

"चपला-बूट तेवढे बाहेरच काढा, साहेब," जया म्हणाली. "सगळ्याला जागा झाली घरात, चपलांचीच राह्यली."

गजानन साहेब बूट काढून आत आले. अथाल गावातल्या चाळीतली एकच खोली, तिच्यातच चूल, देव आणि गुड्डीचा अभ्यास. सुकदेव भिंतीला टेकून उभा होता. तो ज्या दोऱ्याच्या कंपनीत स्टोअरला होता, तिथले हे मोठे साहेब. कंपनीने कामगारांच्या घरांची स्पर्धा काढली होती, ज्याचं घर सगळ्यात नीटनेटकं त्याला बक्षीस. सुकदेव या भानगडीपासून चार हात लांब राहिला होता. पण तो नाइट करून झोपला असताना जयाने त्याच्याच मोबाइलवरून ग्रुपवर नाव देऊन टाकलं. त्याला हे कळलं ते साहेब चाळीच्या जिन्यात आल्यावर.

जया दाखवत सुटली. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर ओळीने निळे क्रेट, खणासारखे ओढायचे. खालच्या ओळीत जड माल, ज्वारी आणि भाकरीचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. मधे रोजचं लागणारं. वर पांघरुणं, आणि गावाहून आलेले ज्वारीचे पापड, बिबडे. गुड्डीची पुस्तकं तिचा हात पोचेल तिथे. लाइट गेली तरी काडेपेटी पहिल्या हाताला सापडते, असं जया म्हणाली, आणि ते खरंच होतं.

प्रत्येक क्रेटवर कंपनीचा शिक्का होता. जयाने तो मुद्दाम दर्शनी बाजूला घेतला होता. रोज ओल्या फडक्याने पुसायची. नवरा कुठल्या कंपनीत आहे ते आल्यागेल्याला दिसायला नको?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सुकदेवच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. पहिला क्रेट त्याने फुटका म्हणून भंगारातून उचलला होता. दुसऱ्याला नुसती चीर होती. त्यानंतरच्यांना काय झालं होतं, ते त्याने बघितलंच नव्हतं.

साहेबांनी एका शिक्क्यावरून बोट फिरवलं. "क्रेट चांगले आहेत."

"तुमच्याच कंपनीचे नं, साहेब!" जया हसली. "नवीन आले तव्हा जुने वाटून टाकले ना तुम्ही कामगारांना? ह्यांनी एकेक करून आणले, टेम्पोवाल्याबरोबर. अजून दोन भेटले नं, तर चपलांचंबी काम होऊन जाईन."

साहेबांनी सुकदेवकडे पाहिलं. सुकदेवने फरशीकडे पाहिलं. अशा वेळी धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं, पण इथे धरणीसुद्धा घरमालकाची होती.

"सुकदेव, आपला तो वाल्मिक हल्ली कुठे असतो रे?"

वाल्मिक लोडिंगला होता. स्टोअरमधले क्रेट कमी होऊ लागले तेव्हा संशय त्याच्यावर गेला, आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर गेटबाहेर काढलं. त्या दिवशी सुकदेव रांगेत उभा होता. मूग गिळून उभा होता. घरी आल्यावर क्रेटचं नाव न काढता त्याने जयाला एवढंच सांगितलं, वाल्मिक चोर निघाला.

जयाच बोलली.

"तो वाल्मिक? सुरंगी गावाला सासऱ्याकडे जाऊन राह्यला, साहेब. बरं केलं तुम्ही काढला ते. त्याची बायको आली होती मागे, पीठ मागायला. पीठ होतं घरात, पण मी नाही दिलं. सरळ सांगितलं तिला, चोराच्या घरी माझं पीठ जाणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. जयाने दिलेला चहाचा कप त्यांनी हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"घर फार नीट ठेवलंय, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्याकडून काहीच कमी नाही."

जया लाजून हसली. साहेब बाहेर जाऊन बूट घालू लागले. सुकदेव त्यांच्या मागे गेला. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "उद्या कामावर येताना वाल्मिकला घेऊन ये. आपल्या दोघांनाही त्याच्याशी बोलायचं आहे."

ते जिना उतरून गेले. सुकदेव दारातच उभा राहिला. साहेबांनी एक कानाखाली ठेवून दिली असती तरी बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान गाल चोळत आत जाता आलं असतं.

"वाल्मिकला कशाला बोलवून राह्यले साहेब?" जयाने आतून विचारलं. "अन् बक्षिसाचं काही बोलले का?"

जया बाहेर डोकावली, आणि तिने त्याचा चेहरा पाहिला. मग तिने वळून क्रेटकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, ओळीने.

"कंपनीने वाटले नव्हते नं हे?" ती म्हणाली.

सुकदेवची मान वर झाली नाही.

जया फळीपुढे बसली. पिठाचा क्रेट बाहेर ओढला, दोन्ही हातांनी फिरवला, आणि शिक्का भिंतीकडे करून आत सारला.

मागच्या बाजूलाही तोच शिक्का होता. कधी पुसलेला नव्हता, पण वाचता येत होता.