गुडमारचं पान

"बकरी झालीय माझी नुसती," पान चघळत परीक्षित माझ्या कानाशी कुरकुरला.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या थंडीत सासूबाईंनी घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत गुडमारचा वेल जगवला होता. गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळी लेकाला त्याचं पान. तरी शुगर चढतीच. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा जीपी डॉक्टरने इन्सुलिन सुचवलं, पण आई म्हणाल्या, "पानाला जरा वेळ तरी द्या." त्यांच्यापुढे कोण बोलणार?

मला संशय वेगळाच होता. हा पान चघळल्याचं नुसतं नाटक करतो आणि आईंची पाठ वळली की कुंडीत थुंकतो. गुडमार चघळलं की काही वेळ गोड चव कळत नाही, म्हणून आज आईंसमोरच मी त्याच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली.

"गोड लागली तर सापडलास तू."

त्याने तोंड वाकडं केलं. "वाळू दिलीस की काय गं?"

म्हणजे पान खरंच खात होता. मी ओशाळले. आई मात्र वेलाकडे बघत राहिल्या.



"तुझे बाबाही शेवटपर्यंत न चुकता खायचे रे," त्या म्हणाल्या. "इन्सुलिन सुरू कर."