वारा पडलेला समुद्र

पोरीसाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला चंपतराव आरामखुर्चीतूनच "पाहू" म्हणत, आणि ते पाहणं तिथंच राहत असे. म्हणून शिडाच्या गलबतावर नोकरी करणारा रवींद्र इतवारीतल्या त्यांच्या घरी येऊन बसला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, चहा स्टोव्हवर ठेवला आणि देव पाण्यात.

"दर्यात तुफान आलं तं कसं करता गा?" चंपतरावांनी डोळे मिटूनच विचारलं.

"तुफानाचं काही नाही, काकाजी. भेव वाटते ते वारा पडल्यावर. गोरे खलाशी त्याले डोल्ड्रम्स म्हणतात. जहाज जागचं हालत नाही, अन् माणसंही तशीच होऊन जातात. नुसती पडून राहतात. जेवाले बोलावलं तरी कोणी उठत नाही."

मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. पोरानं आपल्या तोंडानं स्थळ घालवलं होतं.

चंपतरावांनी मात्र डोळे उघडले. "अन् त्याईले कोणी बोलत नाही?"

"कोण बोलन? सारेच पडलेले."

"पोरगी दिली, जवाईबापू," चंपतराव म्हणाले. "आता हे सांगा, त्या गलबतावर सासऱ्याची सोय होते काय?"

मनकर्णाबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या नवऱ्याची वळकटी बांधायला उठल्या होत्या.