मास्तरांचं अंगुस्तान

पोटाचं ऑपरेशन करून टेलरमास्तरांनी निम्मं वजन उतरवलं, पण त्यानंतर जन्मभर घ्यायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. “ठणठणीत माणसानं कोटाच्या बटणाएवढी गोळी कशाला गिळायची?” त्यापायी बोटं बधिर झाली. सुई बोटात शिरली तरी पत्ता नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त दिसलं, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी खरडपट्टी काढली. तेव्हापासून रोज सकाळी बायको मशीनवर गोळी ठेवी आणि ती घशाखाली उतरेपर्यंत हलत नसे. हातशिलाईही तिनंच अंगावर घेतली, मास्तरांचं सुई अडवणारं अंगुस्तान बोटात चढवून. आज तिचा डोळा चुकवून त्यांनी कोटाला टाका घातला. “आई गं!” ती धावली. “काय हो, लागलं?” “लागलं! सणसणीत लागलं!” मास्तर नाचायचेच बाकी होते. तिनं डोळे टिपले, अंगुस्तान काढून त्यांच्या बोटात घातलं. “घ्या, तुमचं तुम्हाला. गोळी मात्र सुटायची नाही!”