ज्याची घडी, त्याची पाठ

"वहिनी, माझी घडी झाली का न्हाई अजून?" शेडच्या दारातून तिप्पण्णानं विचारलं.

"व्हायलीय, भावजी. बाहेरच थांबा," रेणू आतून म्हणाली.

ताडपत्रीवर त्याचं पॅराशूट पसरलेलं होतं. इथं सगळे त्याला छत्रीच म्हणत.

हुमनाबादच्या बाहेर एका बंद कारखान्याची जुनी धावपट्टी वीरण्णानं आपल्या उड्या मारणाऱ्या दोस्तांसाठी भाड्यानं घेतली होती. सैन्यातून निवृत्त झालेली, आभाळात केस पांढरे केलेली ही मंडळी. विमानातून उडी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आपली छत्री आपण बांधायची नाही, जोडीदारानं बांधायची, अशी त्यांची रीत. ज्याच्या हातात जीव देता येतो तोच दोस्त. वीरण्णाचा नियम एकच होता. जोडीदाराच्या घडीची शंका आली तर तोंड उघडून सांगायचं, मग ती छत्री घडी घालणाऱ्यानंच चढवायची आणि उडी मारायची. ज्याची घडी, त्याची पाठ. आजवर कुणी तशी शंका काढली नव्हती.

चार वर्षांपूर्वी तिप्पण्णाचा जोडीदार होता रेणूचा नवरा, निर्णा गावचा रविकुमार. त्याची छत्री धड उघडलीच नाही. दोऱ्यांचा पिळा झाला आणि राखीव छत्रीही त्यातच अडकली. चौकशीत तिप्पण्णा शपथ घेऊन म्हणाला, "माझी घडी नीट होती. रवीच घाबरला, कोलांट्या खात छत्री ओढली." झालं. मेलेला माणूस काय बोलणार? तेव्हापासून गावात रवी म्हणजे आभाळाला भिऊन मेलेला. त्याचा बाप धुळाप्पा त्यानंतर कधी देवळाच्या कट्ट्यावर चार माणसांत बसला नाही.

रवी गेला त्या सकाळी रेणूनं मात्र डोळ्यांनी बघितलं होतं. नवाकोरा मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे दाबून, कुणाशी तरी खिदळत तिप्पण्णा घडी घालत होता. तिनं सांगितलं तर लोक म्हणाले, बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय?

म्हणून ती शिकली. वीरण्णाच्या हात धुऊन मागं लागली, आधी घडी शिकली, मग उडी. पहिल्या उडीला आईच आठवली. पण रवीचं नाव धुऊन काढायचं आणि त्या माणसाला जमिनीवर आणायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

यंदा रवीच्या आठवणीच्या उडीला ती स्वतःहून तिप्पण्णाची जोडीदार झाली. त्याला कोण आनंद. "वहिनीनं मन मोठं केलं," असं तो मैलूरच्या चहाच्या हॉटेलात सांगत फिरला. कसलं मोठं मन? तिच्या मनात नुसता अंगार होता.

सासू नागूबाईला सगळं ठाऊक होतं. सकाळी घोंगडीची घडी घालता घालता म्हातारी म्हणाली, "खाई त्याला खवखवे, पोरी. तू हात थरथरू दिऊ नको."

 रेणूनं कापड ओढलं, दोऱ्या हातात घेतल्या, जे करायचं ते केलं आणि पिशवीचं तोंड आवळलं.

बाहेर वीरण्णा, पायलट आणि निर्ण्याहून आलेली माणसं उभी होती. धुळाप्पाही काठी टेकून आला होता. तिप्पण्णानं छत्री पाठीवर चढवली. रेणूनं रीतीप्रमाणं मागून पट्टे तपासले, खांद्यावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजी, रवीच्या छत्रीची घडी तुमी घातली होती ना, अगदी तशीच घातलीय मी."

तिप्पण्णाचं हसू ओठावरच राहिलं. "तशीच म्हंजे?"

"तशीच. त्या दिवशी बघत होते मी दारातून. दोरीला दोरी तशीच हाय. नीटच होती की तुमची."

  तो गडबडीनं छातीवरचा पट्टा सोडायला लागला.

"काय झालं रं?" वीरण्णानं विचारलं.

"मी न्हाई जात ह्या छत्रीनं."

"कामून? नीट होती म्हणून शपथ घेतलास की."

"अण्णा, ही बाई मला मारायलीय. त्या घडीनं माणूस वाचतंय व्हय?"

बोलून गेला आणि जीभ चावली. धुळाप्पा दोन पावलं पुढं आला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. 

तिप्पण्णानं छत्री काढून रेणूच्या पायाशी टाकली. आता त्याला लाजही उरली नव्हती. "शंका काढलो मी. नियम हाय ना? बांधा तिच्याच पाठीवर."

"गप बस," वीरण्णा म्हणाला. "रेणू, हात लावू नको तिला. सगळ्यांनी ऐकलंय. झालं तुझं काम."

रेणूनं छत्री उचलली आणि पट्टे आवळायला लागली. वीरण्णानं तिचं मनगट धरलं. 

"पोरी, असा जीव दिऊ नको."

"नियम तुमचाच हाय, अण्णा. अन् रवीची उडी ऱ्हायलीय."

विमान वर चढलं. वीरण्णा तिच्या शेजारी बसून सारखा नको नको म्हणत होता. दार उघडलं. खाली धावपट्टी सुतळीएवढी दिसत होती आणि तिच्या कडेला माना वर करून उभी असलेली माणसं. रेणूनं रवीचं नाव घेतलं आणि अंग सोडून दिलं.

पोट खाली, हातपाय पसरलेले, एकही कोलांटी नाही. मग तिनं छत्रीची मूठ ओढली.

खांद्यांना हिसका बसला आणि डोक्यावर लाल छत्री वाऱ्यानं गच्च भरून उभी राहिली, वीरण्णानं शिकवली होती अगदी तशी घडी घातलेली, एकही दोरी इकडची तिकडं न झालेली.