भोंगेवाला

बैलगाडा शर्यतीच्या फ्लेक्सवर यंदा बैलांपेक्षा निवेदक हिरामणचाच फोटो मोठा होता. त्याच्यासाठी माईकची वायर जोडताना माझा नुसता जळफळाट होत होता.

गेल्या वर्षी जुन्या निवेदकाचा आवाज बसला, तेव्हा शर्यत समितीच्या अध्यक्षांनी आधी मलाच विचारलं होतं. "तयारी नाही हो," म्हणत मी भोंगे बांधत राहिलो. शेजारी भेळ विकणाऱ्या हिरामणनं हात पुसले आणि माईक घेतला.

आज त्याची जीप वाटेत पंक्चर झाली. इकडे बैल जुंपून तयार, माईक माझ्याच हातात. कुणी विचारायच्या आत मी ओरडलो, "गाडा सुटला रे सुटला!"

हिरामण धापा टाकत पोचला. अध्यक्ष म्हणाले, "थांब जरा, रंगात आलाय तो."

हिरामणची नजर मी लगेच ओळखली. वर्षभर दाढी करताना आरशात तीच दिसत होती.