खंडेनवमीची गिटार

निवृत्तीनंतर मोबाइलवर बघून गिटार शिकणारे मोरेश्वरराव आठ महिने एकाच कॉर्डवर अडले होते. व्हिडिओतला मुलगा रोज सांगे, “संयम ठेवा.” तो संयम शेजाऱ्यांनी ठेवला होता.

खंडेनवमीला बायकोने पूजेत विळी, कात्री, हातोडीच्या रांगेत गिटारही मांडली आणि तिला गंध लावलं.

“अगं, हे वाद्य आहे.”

“ते ऐकणाऱ्यांना विचारा. आज हत्यारांना विश्रांती, हात लावायचा नाही.”

मोरेश्वरराव बोटांवरचे घट्टे चोळत राहिले. दसऱ्याला त्यांनी गिटार माळ्यावर टाकली. चार दिवस घर शांत होतं. पाचव्या दिवशी बायकोने स्टुलावर चढून ती खाली काढली, गंध पुसलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“पूजा विळीचीही झाली होती. मी भाजी चिरायची सोडली का?”