पालथी चरवी

शाहू महाराजांच्या राज्यात गवळी म्हैस दारात आणून धार काढत, तरी शहाणी गिऱ्हाइकं आधी दुधाची चरवी पालथी करून आत पाणी नाही ना, हे दाखवायला लावत. उचगावच्या म्हाताऱ्या बाळासो गवळ्यांना रोजचं गिऱ्हाईक असलेल्या निसारभाईंनी तीस वर्षांत तसं कधी सांगितलं नाही, म्हणून निसारभाईंच्या दुधात वाटेतल्या ओढ्याचाही वाटा असायचा. सुजेनं, तापानं खंगून बाळासो दवाखान्यात पडले. डॉक्टर रोज बोट पुढं करत, "दाबा." बोटाला पत्ताच लागत नसे. भेटायला आलेल्या निसारभाईंना ते म्हणाले, "दूध पाजा, नाहीतर हे हात धार काढणार नाहीत." निसारभाई बाळासोंच्याच म्हशीचं दूध काढून रोज चालत आणायचे. "एवढं घट्ट कसं?" बाळासोंनी विचारलं. "वाटंत ओढ्याला थांबलो न्हाय." महिन्यानं डॉक्टरांना बोट सोडवून घ्यावं लागलं. घरी सुटल्यावर दुसऱ्या सकाळी निसारभाईंच्या दारात बाळासोंनी धारेआधी चरवी पालथी केली. "मी सांगितलं व्हतं व्हय?" "तीस वर्सं न्हाय सांगितलं, म्हणूनच."